ज्योतिबाच्या वाटणीची गोळी

टिळकवाडी, बेळगाव
ता. ५ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास परशरामचा कृ. सा. न. वि. वि.

फोन केला की तुझी सूनबाई स्पीकर लावते आणि सगळी गल्ली ऐकते, म्हणून पत्र. माझ्या रक्ताच्या कॅन्सरवर दोनदा केमो वाया गेली. आता ही चाचणीतली नवी गोळी हाच शेवटचा रस्ता. रोज एक, अठ्ठावीस दिवस. डबीत तीस होत्या. काल दवाखान्यात सौम्या सिस्टरनं उरलेल्या मोजल्या, तर दोनऐवजी एकच! मी एक जास्त खाल्ली असा संशय आहे आणि उलगडा होईपर्यंत नवी डबी बंद. चाळीस वर्षं पोरांना वजाबाकी शिकवली आणि शेवटी मीच नापास.

चाचणीतून काढतील अशी भीती वाटते गं. पहिल्या दिवशी तू इथंच होतीस. डबी कुणी उघडलेली पाहिलीस का?

लोभ असू दे, शिव्या कमी कर.
तुझा परशराम

निपाणी
ता. ८ ऑगस्ट २०२५

चि. परशराम यास अनेक आशीर्वाद.

गोळी मी घेतली. खाल्ली नाही रं! आपल्यात नवं काही आलं की पहिलं देवाला ठेवतात, मग ते शेतातलं कणीस असो की व्यालेल्या म्हशीचं दूध. एवढी मोलाची गोळी तशीच कशी तोंडात टाकायची? तू अंघोळीला गेलास तेवढ्यात एक काढून पदराला बांधली आणि इथं ज्योतिबापुढं ठेवली. रोज हळदकुंकू वाहते. तू ओरडशील म्हणून गप्प बसले.

सिस्टरला सांग, शिक्षा मला करा, पण त्याची गोळी बंद करू नका. राखी आणि गोळी एकाच पाकिटात ओमकारबरोबर धाडतेय. त्यालाही मी कारण सांगितलेलं नाही.

माझ्यावरचा राग जेवणावर काढू नकोस.
तुझी आक्का

टिळकवाडी
ता. १४ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास कृ. सा. न. वि. वि.

तुझा लेक ओमकार वेळेवर पोचला. राखी बांधली. हळद लागलेली गोळी सौम्या सिस्टरनं पिशवीत सील केली आणि फॉर्मवर कारण लिहिलं, देवाला ठेवली. तो कागद आता बेंगळुरूच्या मोठ्या साहेबांकडे जाणार. ज्योतिबाचं वय आणि वजन तेवढं विचारलं नाही. डॉक्टरांनी ताकीद दिली की यापुढे देवाला डबी नुसती लांबून दाखवायची. नवी डबी मिळाली.

आणि रिपोर्टही आला. वाईट पेशी निम्म्याहून कमी झाल्यात. बरा झालो असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण इतके दिवस ते मला पुढच्या आठवड्यापलीकडची तारीख देत नव्हते. काल तपासण्यांचं कार्ड हातात ठेवलं, त्यात शेवटची तारीख पुढच्या जुलैची आहे. बाहेर बाकावर बसून तीनदा वाचलं आणि रडलो.

लोभ जुलैच्याही पुढे पुरेल एवढा असावा.
तुझा परशराम