दुसऱ्या ट्रॅकवर

ता. २ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझे कान गेले आणि आपली फोनवरची भांडणं बंद पडली. मोबाईलवरच्या दोन ओळींत माझं रडगाणं मावत नाही, म्हणून हे पत्र.

अंधांच्या ग्रंथालयानं मधमाशा पाळण्यावरचं एक जाडजूड पुस्तक वाचून रेकॉर्ड करायला दिलंय. बाबांच्या दुरुस्तीच्या खोलीतच बस्तान मांडलं. भिंतींना गाद्या, दाराला रजई, तुझा जुना माईक, आणि माईक संगणकाला जोडणारी ती दोन भोकांची डबी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस. पहिल्या भोकात माईक. दुसऱ्यात भिंतीतून आलेली बाबांची काळी वायर. कामाला बसण्याआधी ते ती खोचायचे, म्हणून मीही खोचतो. कशाला, ते विचारू नकोस. माईक तपासायला ते मारायचे त्या तीन टिचक्या आणि एक फुंकर मात्र मी मारत नाही, तो मान त्यांचाच.

आता दुखणं सांगतो. वाचतो मी नीट, पण ऐकायला गेलं की माझाच आवाज एखाद्या राक्षसासारखा जाड आणि रेंगाळत येतो. आणि दुसऱ्या ट्रॅकवर, म्हणजे दुसऱ्या भोकातून जे येतं त्यात, मी काहीच बोललेलं नसताना, खालच्या पट्टीत कुणीतरी गुरगुरतं.

आईचं तसंच आहे. आजारपणानंतरच्या चौदा महिन्यांत एक शब्द नाही. तिला काही कळतही नाही, असं डॉक्टर म्हणाले. ३० तारखेला तिला वृद्धांच्या केंद्रात कायमचं न्यायचं ठरवलंय. फॉर्मवर तुझी सही राहिली आहे, तो सोबत जोडतो. मला एकट्याला झेपत नाही गं. रागावू नकोस.

तुझा लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
बारक्या


ता. ६ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ. आणि पाठीत एक धपाटा. तीस वर्षं स्टुडिओत घालवलेल्या बहिणीला आधी विचारलं असतंस, तर राक्षस घरात शिरलाच नसता.

तुझी डबी दर सेकंदाला शहाण्णव हजार वेळा आवाज मोजते आहे आणि तुझा प्रोग्रॅम अठ्ठेचाळीस हजारच धरून चाललाय. म्हणून सगळं निम्म्या वेगानं आणि जाड वाजतं. दोन्हीकडे सॅम्पल रेट अठ्ठेचाळीस कर. गुरगुर बहुतेक विजेची असेल. तरी रेकॉर्डिंग झालं की दोन्ही ट्रॅकचं चित्र छापून पाठव. ऐकता येत नसलं तरी आवाजाचा आलेख मला अजून वाचता येतो.

फॉर्म मिळाला. सहीसाठी पेन उचललं आणि परत ठेवलं. उद्या करीन. झेपत नाही हे मोकळेपणानं लिहिलंस ते बरं केलंस, त्यात राग कसला?

जेवत जा वेळेवर. मायेत उणं नाही.
तुझी ताई


ता. १० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. राक्षस गेला. आता माझा आवाज माझ्यासारखाच येतो, ऐकणाऱ्यांचं नशीब.

पण गुरगुर गेली नाही. वेग बरोबर झाला आणि तिची बाई झाली. कुणीतरी बाई पुटपुटते, थांबते, परत पुटपुटते. शब्द लागत नाहीत. मी भर दुपारी रेकॉर्ड करतो, तेव्हा आईला सांभाळणाऱ्या बाई जेवायला घरी गेलेल्या असतात. घरात मी आणि आई, दोघंच. वाचताना हेडफोनमध्ये मी फक्त माझाच माईक ऐकतो, त्यामुळे दुसऱ्या ट्रॅकवर काय आलं ते मागाहून कळतं.

काल माईक बंद ठेवून नुसतं रेकॉर्डिंग लावलं. बाई होतीच. काळी वायर उपटली, तर रेघ सरळ. परत खोचली, तर परत बोलायला लागली! दार उघडून आईच्या खोलीत धावलो. ती आढ्याकडे बघत पडलेली, ओठ घट्ट मिटलेले. ही वायर जाते तरी कुठे?

चित्र पाठवतोय. माझी थट्टा करायची तर कर, पण उत्तर लवकर दे.
बारक्या


ता. १४ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ. थट्टा करण्याचा विचार होता. कागद टेबलावर पसरला आणि तो राहूनच गेला.

हा आईचा आवाज आहे. रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात ती गोष्टी सांगायची, तेव्हा अकरा वर्षं मी तिला रेकॉर्ड केलंय. वाक्याच्या शेवटासाठी ती श्वास राखून ठेवते, म्हणून तिचा आलेख शेपटाकडे जाड होतो. असं दुसरं कुणी बोलत नाही.

ती वायर आईच्या पलंगावरच्या भिंतीतल्या स्पीकरला जाते. बाबांनी ती टाकली तेव्हा तू फार लहान होतास. स्पीकर उलट्या बाजूनं जोडला की माईकसारखा ऐकतो. आई तिकडून जेवायला हाक मारायची, ती ऐकू यावी म्हणून बाबा वायर खोचून ठेवायचे. म्हणजे आई बोलते, बारक्या. तुझं दार बंद झालं, कुणी ऐकत नाही अशी खात्री पटली की बोलते. मी बराच वेळ रडत बसले होते.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. तिच्या दोन वाक्यांच्या मधे तीन उंच काटे आणि मागोमाग एक फुगवटा आहे. चार ठिकाणी, अगदी सारख्या अंतरानं. त्या टिचक्या आणि ती फुंकर तू मारलीस का? खरं सांग. पण तुझा ट्रॅक तर तिथे सपाट आहे.

आवाज वाढवून तिचे शब्द काढ. आणि घाबरलास तरी आधी जेव.
तुझी ताई


ता. १८ जून

ती. ताईस,
सा. न. आईशपथ, टिचक्या मी मारल्या नाहीत. आवाज वाढवल्यावर त्या मलाही ऐकू आल्या. टक, टक, टक, आणि फुंकर.

शब्दही लागले. ती कुणाला तरी सांगते आहे की तीस तारखेला मुलं मला परक्यांत नेऊन टाकणार, त्याच्या आत येऊन घेऊन जा, मी तयार आहे. सुरुवातीला ‘अहो’ म्हणते. आई आयुष्यात एकाच माणसाला ‘अहो’ म्हणाली, ताई, आणि ते जाऊन नऊ वर्षं झाली. ती थांबते, टिचक्या वाजतात, ती परत बोलते.

तिला सगळं कळतं. एखादं कपाट हलवायचं असावं तसं मी तिच्या उशाशी उभा राहून त्या फॉर्मबद्दल बोललो. माझी मला लाज वाटते. आणि भीतीही वाटते. तीस तारीख दूर आहे, त्याआधीचा प्रत्येक दिवस भीतीचा वाटतो. सकाळी उठलो की आधी तिचा श्वास बघतो.

काय करू सांग. तुझाच
बारक्या


ता. २१ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ. फॉर्म फाडला, हे मोबाईलवर कळवलंच आहे. तुकडे सोबत आहेत, तिला दाखव. एक तारखेला मी कायमची येते. एक बहिरी, एक मुकी, आमचं छान जमेल. तू आपल्या मधमाशा सांभाळ.

पण मी येईपर्यंत थांबू नकोस. काळी वायर दुसऱ्या भोकातून काढ, डबीवर हेडफोनसाठी वेगळं भोक आहे त्यात लाव, म्हणजे तुझा आवाज त्या स्पीकरमधून बाहेर पडेल. मग माईकसमोर बसून सांग. त्या खोलीत जो कुणी ऐकत असेल, त्यालाही ऐकू जाऊ दे.

दोघांनाही माझा नमस्कार सांग.
ताई


ता. २५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. सांगितलं. आई, तू कुठेही जाणार नाहीस, ताई येते आहे, असं म्हणालो. मग धीर करून बाबांनाही म्हणालो, की तुम्ही असाल तर ऐका, आम्हाला ती अजून हवी आहे. आत जाऊन पाहिलं तर तिची नजर स्पीकरवर होती आणि कानापर्यंत ओघळ आला होता. मी तिचे डोळे पुसले, तर तिनं माझं बोट धरलं.

परत येऊन वायर दुसऱ्या भोकात खोचली आणि नेहमीसारखं अर्धा तास मधमाशांचं वाचलं. मागाहून ऐकलं. दुसऱ्या ट्रॅकवर बराच वेळ काही नाही. मग आई अगदी स्पष्ट आवाजात ‘अहो’ म्हणाली, आणि आता घाई करू नका, पोरं नाही म्हणताहेत, असं तिनं सांगितलं.

त्यावर टिचक्या वाजल्या, तीन. मी फुंकरीची वाट पाहिली. दुसऱ्या ट्रॅकवर ती आलीच नाही.

ती पहिल्या ट्रॅकवर आहे, ताई. माझ्या माईकवर. त्याच क्षणी वाचता वाचता पुस्तकाचं पान माझ्या हाताखाली आपोआप उलटलं होतं, आणि मला वाटलं होतं पंख्याचा वारा. रेकॉर्डिंग चालू असताना मी पंखा बंद ठेवतो.

चित्र सोबत आहे. फुगवटा कुणाचा, ते तू ओळखशीलच. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण त्यानंतर दोन दिवस टिचक्या नाहीत, आणि आज सकाळी आईनं पेज संपवली.

लवकर ये. आम्ही वाट पाहतो आहोत.
तुझा बारक्या