हिरव्या दिव्याचा अ‍ॅम्प

३ जून
अ‍ॅम्प्लिफायर मिळाला. जुन्या सामानाच्या बाजारात, कॅसेट डेकच्या ढिगाखाली. दुकानदाराला सगळे डेककाका म्हणतात. समोरची कंपनीची पट्टी कुणीतरी उपटून नेली आहे, त्यामुळे ओळख आतून पटवावी लागली. झाकण काढलं. ट्रान्सफॉर्मरवर शिक्का, ट्रान्झिस्टरवर चार आकडे: पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. लाकडी बाजू, दोन काट्यांचे मीटर, त्यांच्यामागे हिरवा दिवा. या लहान घरात राहायला येताना बाबांनी विकला, तेच मॉडेल. शंका नाही.

संकल्प: तीस तारखेपर्यंत पूर्ण दुरुस्त. त्या दिवशी बाबांचा वाढदिवस आहे, हा योगायोग. भावनिक काही नाही. चांगलं सर्किट भंगारात जाऊ नये, एवढंच.

८ जून
सुकलेले कपॅसिटर सगळे बदलले. व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर गेली. मोजमाप घेतलं: खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत आलेख सरळ रेषेत. असा आलेख मला ऑफिसातही क्वचित मिळतो, आणि मी पोटासाठी करते ते हेच काम, दुसऱ्यांची मोजायची उपकरणं बरोबर मोजतात का ते तपासायचं.

आईने विचारलं, डायनिंग टेबल कधी परत मिळेल. लवकरच.

१० जून, संध्याकाळ
वाजवला. बाबांची व्हायोलिनची रेकॉर्ड लावली. तिच्यात पहिल्या सुराच्या आधी वादक श्वास घेतो. लहानपणी आमचा खेळ होता: श्वास ऐकू आला की बोट वर करायचं. बोलायचं नाही, बोललं की तो निघून जातो. बाबांचं बोट नेहमी आधी वर.

आज वर झालं नाही. रेकॉर्ड संपल्यावर म्हणाले, छानच केलास गं, पण पांघरुणाखालून वाजतोय. आणि श्वास कुठे गेला?

मला श्वास ऐकू आला होता. पण मी काही निकष नाही. शेजारी कुणी आवाज बंद करून टीव्ही चालू ठेवला, तर बाबांना जिना चढतानाच कळायचं. जुन्या टीव्हींची ती बारीक शिट्टी मला कान लावूनही कळत नसे. ऑफिसात नियम आहे: चूक तपासायच्या उपकरणात शोधायची, संदर्भाच्या उपकरणात नाही. (संदर्भाचं उपकरणही दर वर्षी तपासायला बाहेर पाठवतात. ते वेगळं.)

निष्कर्ष: दोष अ‍ॅम्पमध्ये.

१३ जून
आई भाजीच्या पिशव्या घेऊन दाराबाहेर उभी, बाबा आत खुर्चीत. बेल वाजवून वाजवून बोट दुखलं म्हणे. बेल तपासली. वाजते. तरी जुनीच होती, बदलून टाकली. नवी बेल खालच्या मजल्यावरही ऐकू जाते. त्यांनी तसं कळवलं आहे.

१५ जून
आउटपुटचे ट्रान्झिस्टर बदलले. बाबा म्हणाले, तसूभर फरक आहे. कुठल्या बाजूला ते सांगितलं नाही.

आई म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुम्हा बापलेकीचं चाललंय. मी दुर्लक्ष केलं. बाबांनी काय काय असं तीनदा विचारलं, तेव्हा तिने हात झटकले आणि आत गेली.

बाबांचं मत: आईचा स आणि श अलीकडे पुसट झाला आहे. शक्य आहे. वयाने दात सरकतात. आईला दातांच्या डॉक्टरकडे नेण्याचा विषय काढला. आई म्हणाली, माझी बत्तीशी शाबूत आहे, हवं तर चावून दाखवते.

१८ जून
अ‍ॅम्प डेककाकांकडे नेला. त्यांनी तो स्वतःच्या स्पीकरना जोडला, डोळे मिटून रेकॉर्डची एक पूर्ण बाजू ऐकली आणि म्हणाले, ताई, हा ठणठणीत आहे, विकायचा असेल तर मीच परत घेतो. मग विचारलं, तक्रार कुणाची? मी म्हटलं, वडिलांची. वय किती त्यांचं? मी म्हटलं, त्याचा इथे संबंध नाही. त्यावर म्हणाले, आजार म्हशीला आणि औषध पखालीला, बघा बुवा.

माणूस चांगला आहे, पण शिस्तशीर विचार नाही. स्पीकरमधले बारीक आवाज काढणारे छोटे कर्णे, ट्विटर, त्यांच्याकडून नवे घेऊन आले. दोष तिथेच असणार.

२१ जून
आज वाद कायमचा मिटवला. आई रोज कानाच्या डॉक्टरचं नाव काढते, म्हणून रीतसर चाचणी घेतली. सिग्नल जनरेटर, म्हणजे हव्या तितक्या हर्ट्झचा सूर काढणारं यंत्र, अ‍ॅम्पला जोडला. बाबा स्पीकरसमोर त्यांच्या खुर्चीत. माझ्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून मी जनरेटर घेऊन त्यांच्या मागे बसले. आवाज आला की बोट वर, थांबला की खाली.

एक हजार, वर. चार हजार, वर. आठ, बारा, वर. सतरा हजारलाही बोट वर! एकही चूक नाही. पंधराच्या पुढे मला स्वतःला काहीच ऐकू आलं नाही. ऑफिसातल्या कॉम्प्रेसरने माझे कान बिघडवले असणार. इअरप्लग मागवले.

चाचणी संपल्यावर बाबांनी वळून विचारलं, पास? मी म्हटलं, पहिल्या नंबराने. खूप दिवसांनी इतके हसले.

२२ जून
आईला निकाल दाखवला. तिने न विचारता पंचवीस तारखेची कानाच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती. मी फोन करून ती रद्द केली.

आई भांडली नाही. पोळपाट धूत म्हणाली, हल्ली ते मित्रांमध्ये गेले की सगळे हसून झाल्यावर हसतात. मी म्हटलं, बाबा विनोद समजून घेऊन मग हसतात. म्हणाली, बरं.

मग म्हणाली, परवापासून तर मित्रांकडे जायचंच बंद केलंय.

उन्हामुळे असेल.

२६ जून
नवे ट्विटर जोडून चार दिवस झाले. श्वास अजून नाही. बाबा आता रेकॉर्ड लावू का विचारलं की वर्तमानपत्र उघडतात. म्हणतात, तू दमतेस, राहू दे. मी दमलेली नाही.

विचार चालू: घराच्या वायरिंगचाच दोष असेल का?

२७ जून, दुपार
मीटरमागचा हिरवा दिवा गेला. समोरचं पॅनल मीटरसकट सोडवून टेबलावर पालथं ठेवलं. बल्ब उद्या मिळेल. पॅनलशिवायही अ‍ॅम्प वाजतो, म्हणून वेळ वाया न घालवता बाबांना पुन्हा खुर्चीत बसवलं. मी मागे.

एक हजार, वर. दोन हजार, वर. तीन हजारला बोट उचललं आणि परत ठेवलं. चार हजार. बोट मांडीवर.

मला वाटलं वायर निसटली. वायर जागेवर. आवाज वाढवला. आणखी वाढवला. आई कानांवर हात दाबून स्वयंपाकघरातून आली, बंद कर गं ते किंचाळणं, म्हणाली.

बाबा समोर बघत शांत बसले होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, सुरू केलंस का?

मी जनरेटर बंद केला. म्हटलं, नाही, अजून जोडतेय.

दोनदा म्हणावं लागलं.

२८ जून
एकवीस तारखेची चाचणी बाद. आवाजाबरोबर हलणारे मीटरचे काटे ज्याची परीक्षा त्याच्या नजरेसमोर होते. मी मागे बसले होते, म्हणजे ते माझ्याही नजरेसमोर होते. अशी चाचणी ऑफिसात कुणी माझ्यापुढे आणली असती, तर मी ती वाचूनही पाहिली नसती.

सकाळी चहाच्या वेळी बाबांनी स्वतःच विषय काढला. म्हणाले, काटा हलला की बोट वर करायचो. तू मागे इतकी आशेने बसली होतीस. तुझ्यासमोर नापास व्हायचं जिवावर आलं. मग म्हणाले, आणि मलाही वाटत होतं गं, की अ‍ॅम्पच असावा.

मी म्हटलं, मला ऑफिसला उशीर होतोय. आज रविवार आहे. आईने आठवण करून दिली नाही.

२९ जून
डॉक्टरकडे फोन केला. रद्द केलेली वेळ दुसऱ्या कुणाला गेली. आता थेट बावीस जुलै. आईला सांगितलं. तिने कॅलेंडरवर खूण केली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. बाबांना मी आणि आई दोघी घेऊन जाणार आहोत.

जुनी बेल माळ्यावर सापडली. परत लावली नाही.

३० जून
हिरवा दिवा बसवला. पॅनल लावलं. झाकणाचे स्क्रू आवळले. डायनिंग टेबल आईला परत केलं.

दुरुस्ती पूर्ण, ठरल्या तारखेला. अ‍ॅम्पमध्ये दोष नाही. आठ तारखेनंतर नव्हताच.

संध्याकाळी बाबांनी स्वतः रेकॉर्ड काढली, पुसली, मला दिली. म्हणाले, काटा श्वासाला हलत नाही, पाहिलंय मी. तो आला की सांगशील का?

मी या वेळी मागे बसले नाही. खुर्ची त्यांच्या समोर घेतली. सुई टेकवली.

श्वास आला. सांगायला बोलावं लागलं असतं. बोट वर केलं.

बाबांनी माझ्या बोटाकडे बघत मान डोलावली, आणि मग स्वतःचं वर केलं.