खारफुटीत सर्वांत आत

टायरेल बे, बुधवार

प्रिय वेल्मा,

काळजी सोड. वादळ गेलं, आपल्या बोटीला ओरखडाही नाही.

आसऱ्याला खारफुटीत मी सर्वांत आधी शिरलो, म्हणून निघायचा नंबर शेवटचा. वाट अडवणाऱ्या अकरा बोटी सहलीवाल्यांच्या. मालक विमानाने घरी गेलेत. शेजारचा एन्सली चिडवतो, "म्हाताऱ्या, घे आता बगळ्यांची शाळा!" मी खरंच त्यांना शाळेतल्या कविता म्हणून दाखवतो.

बोट सोडून आलो असतो, पण रोज दोर सैल-ताठ केले नाहीत तर भरतीत ती झाडांवर आदळेल. तुझे गुडघे कसे आहेत?

शुक्रवारी आपली कोरीन कॅनडाला निघेल. तिला फेरीबोटीत डाव्या बाजूला बसव. या खाडीसमोरून जाताना डोलकाठीवर माझा पिवळा सदरा दिसेल. म्हणावं, हात जरा जास्त वेळ हलव. बाबाला आता लांबचं पटकन दिसत नाही.

तुझाच,
ऑस्बर्ट