कोरियाचा वाटा

मु. पाथरबोडी, पोस्ट सावली, जिल्हा चांदा
फाल्गुन, सन १९५५

वडील भावासमान गोविंदाभाऊ यांस मनसारामचा दोन्ही हात जोडून रामराम. तुम्ही, वहिनी, लेकरं आणि ती एका शिंगाची म्हैस असे सगळे वरोऱ्यास सुखरूप आहात असे मी धरूनच चालतो, कारण तसे नसेल तर या पत्रात तुमच्या दुःखालाही जागा करावी लागेल आणि माझ्याजवळ कागदाचा एकच ताव आहे. कोरियाच्या थंडीत काळी पडलेली तुमच्या पायाची ती दोन बोटं कापसाच्या जिनिंगमध्ये उभं राहून अजून ठणकतात काय? लसूण घालून तेल कढवा आणि लावा. (मला त्याचा गुण आला नव्हता, पण माझी बोटं वेगळी.) माझी प्रकृती विचाराल तर जेवण जाते, झोप येते, हातपाय शाबूत आहेत. फक्त थकलो आहे. काम करून नव्हे, सांगून सांगून.

हे पत्र माझ्या सुगंधाआत्याच्या टोपलीतून सावलीच्या बाजारात जाईल आणि तिथून डाकेत पडेल. आमच्याकडे मासोळीची टोपली ज्या दिवशी बाजाराला निघते तोच डाकेचा दिवस. तेव्हा पत्राला वास आला तर त्याचा राग माझ्यावर काढू नये.

मागे तुम्ही विचारले होते की फौजेतून सुटून आल्यावर गावात मान मिळतो की नाही. मिळतो भाऊ, आणि त्याच्याखालीच मी दबलो आहे. आमच्या ढिवर मोहल्ल्याची रीत तुम्हाला सांगितली नसेल. तलावात जाळं सगळ्यांनी मिळून ओढायचं, जे निघेल ते पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ओतायचं, आणि दादाजीबुवांनी (हे आमच्यातले सर्वांत जुने, दात चार पण सगळे कामाचे) त्याचे वाटे घालायचे. जो तापाने पडला त्याचा वाटा निघतो, विधवेचा निघतो, आणि जो परगावी गेला त्याचाही निघतो. मी कोरियात तुमच्याबरोबर कैद्यांच्या छावणीत भाताच्या डेगी ढवळत होतो तेव्हा इथे दर ओढीला माझा वाटा निघतच होता. ताजी मासोळी ठेवणार किती, म्हणून आत्याने वाळवली. घरी येऊन वर पाहिलं तर आढ्याला तीन टोपल्या सुकी मासोळी टांगलेली. मला रडू आलं, हे तुम्हाला सांगायला लाज नाही.

चौथ्या दिवशी दादाजीबुवा आले आणि म्हणाले, "पोरा, तुया वाटा आमी ठेवला. आता तू कोरिया एकटाच खाऊन राह्यला काय? आमचा वाटा काढ."

आता तुम्हीच सांगा, आपण कोरियात काय पाहिलं? तंबू पाहिले. काटेरी तार पाहिली. बर्फ पाहिला, तोही इतका की नंतर पाहण्यासारखा राहिला नाही. दुपारी पाळीवरच्या चिंचेखाली सगळी मंडळी जाळी सांधत बसतात, तिथे मी हे सगळं दीड दुपारीत सांगून संपवलं. मी म्हणायचो तंबू होते, ते म्हणायचे मंग? मी म्हणायचो तार होती, ते म्हणायचे मंग? दीडशे डोळे माझ्याकडे असे पाहत होते की जणू मी मोठा मासा धोतरात लपवून शेपटीच तेवढी दाखवत आहे. शेवटी तोंडातून निघून गेलं की तिथले सिनेमे फार भारी असतात. बस. तो एक शब्द मी तेव्हा गिळला असता तर आज तुम्हाला हे पत्र वाचावं लागलं नसतं.

सिनेमा आमच्या लोकांनी जत्रेच्या तंबूत एकेकदा पाहिलेला आहे, म्हणून हुकूम झाला की कोरियाचे सिनेमे सांग, रोज थोडा. गोष्ट सांगताना कोणीतरी हुंकारी द्यावी लागते, नाहीतर सांगणाराची गाडी चालत नाही. ते काम वच्छलेकडे गेलं. वच्छला म्हणजे तलावापलीकडच्या चंदाबाईची मुलगी, चौथी शिकलेली, जिच्याशी माझं मी फौजेत जायच्या आधीपासून ठरलेलं आहे. मला परत येऊन वर्ष होत आलं. इतक्या दिवसांत ती माझ्याशी एकच शब्द बोलली आहे, आणि तो म्हणजे "हूं". (मी तर तेवढाही बोललो नाही. चारचौघांत बोलायचं काय?)

पहिला सिनेमा घरगुती सांगितला. कोरियाचा सिनेमा मी एकही पाहिलेला नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा जे हाताशी होतं तेच घेतलं. आमच्या शेजारी पत्रू आणि चैतू हे सख्खे भाऊ, मधल्या कुडावरच्या दोडक्याच्या वेलावरून दोन वर्षं अबोला. मी दोडक्याची कोबी केली, पत्रूचा किम केला, चैतूचा पाक केला, आणि दोन चुलींच्या मधोमध उपाशी बसलेली म्हातारी आई केली. वाटलं, आता हे कोण ओळखतो. तिसऱ्या दुपारी पत्रू आणि चैतू हातातली जाळी टाकून एकमेकांच्या गळ्यात पडले आणि सगळ्या बायांनी डोळ्याला पदर लावले. मला बरं वाटलं. ते एक रात्र टिकलं. सकाळी दोघं जोडीने माझ्या दारात. थोरला विचारतो, किमला कपटी काऊन दाखवला. धाकटा विचारतो, पाकला भोळसट काऊन दाखवला. आता त्यांची चूल एक आहे, वेल एक आहे, आणि माझ्याविषयीचं मतही एकच आहे.

रडून झालं तेव्हा लोकांना चोरीचा सिनेमा पाहिजे झाला. मी सुक्या मासोळीची चोरी घातली. कोरियाचा इन्स्पेक्टर येतो, आढ्याखाली राख पसरून ठेवतो आणि पाऊल उमटायची वाट पाहतो. इन्स्पेक्टर अजून राखेकडे वाकलाही नव्हता, तोच कोलू नावाचा आमच्यातला एक गरीब माणूस दिवेलागणीला माझ्याकडे आला. डोक्याचं फडकं काढून त्याने सुक्या मासोळीच्या दोन माळा उंबऱ्यावर ठेवल्या आणि हात जोडले, "भाऊ, माह्यं नाव उद्या सांगू नको." मला काय माहीत याने चोरल्या! आणि चोरल्या त्याही माझ्याच टोपलीतल्या. मी त्याला एक माळ परत दिली, नाव गिळलं, आणि दुसऱ्या दिवशी चोर परगावचा निघाला. पण गोष्ट फुटतेच. तेव्हापासून ज्याची कोंबडी हरवली तो माझ्याकडे येतो. मी राख मागेन म्हणून येताना राखही घेऊन येतो.

माणसं जरा दूर राहतील म्हणून तिसरा सिनेमा भुताचा काढला. बुडून मेलेली बाई, तोंडावर ओले केस, तलावाच्या सांडव्यातून वर येते आणि ओली पावलं सोडत जाते. पहिल्याच दिवशी भांडण. पाय उलटे नाही तर ते भूत कशाचं, असं सगळ्यांचं म्हणणं. मी कोरियाची बाजू लावून धरली. शेवटी कंटाळून पाय उलटे केले, तर दादाजीबुवा विचारतात, उलट्या पायांनी पाळ चढते कशी? यात दोन दुपारी गेल्या. फळ असं मिळालं की आता सांडव्याकडे कोणी फिरकत नाही, आणि मरळ मासोळी सगळी तिथेच. मोहल्ल्याने ठरवलं की भूत मनसारामने आणलं, तर तिकडचं जाळंही मनसारामनेच टाकावं. मी भर उन्हात जातो, मोठ्याने खाकरत जातो, आणि येताना मागे वळून पाहत नाही. स्वतःच बनवलेल्या बाईला भिणारा माणूस तुम्ही दुसरा पाहिला असेल तर कळवा.

चौथा मात्र मी बनवला नव्हता. तारेपलीकडचा तो लांब मानेचा कैदी आठवतो? ज्याला आपण मास्तर म्हणत होतो? फौजेत धरला जाण्याआधी तो सिनेमाघराच्या पाट्या रंगवत असे, एवढं त्याने बर्फावर काडीने चितारून मला कळवलं होतं. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. पण रोज भात घ्यायला आला की भांडं एका हातात धरून तो दुसऱ्या हाताने सिनेमा सांगायचा, एका दिवसाला एक घास. एक पोरगी. नदी. पलीकडच्या काठाचा तिचा माणूस, लढाईवर गेलेला. लढाई सरते, नावाडी मेलेला असतो, ती अलीकडे उभी, तो पलीकडे उभा, नदी मध्ये. इथपर्यंत आलो आणि जानेवारीत फाटक उघडलं, कैदी रांगेने दक्षिणेकडे निघाले. मास्तर रांगेतून वळला. दोन्ही मुठी एकावर एक धरून त्याने पोटासमोर डावीकडे-उजवीकडे हलवल्या, पुन्हा पुन्हा, दिसेनासा होईपर्यंत. मी डेगीत पळा फिरवायचो तसंच. मी समजलो, भाताची याद ठेवीन म्हणतो आहे. मीही पळा वर करून रामराम केला. सिनेमा तिथेच राहिला.

तो मी जसा होता तसाच सांगितला. त्यात दोडका नाही, कोबी नाही. सांगताना मला मास्तरचे हात दिसत होते, म्हणून मी जाळं सांधायचं विसरलो. लोक म्हणाले, मंग? मी म्हणालो, पुढचं मला माहीत नाही. तीन सिनेमे धडधडीत खोटे सांगितले तेव्हा कोणी ब्र काढला नाही, आणि एक खरा सांगितला त्याच दिवशी गळ्याशी आलं. चंदाबाई जाळ्यातून मान वर काढून म्हणाली, "सिनेमाले शेवट असते. ज्याले शेवट नाई, ते घरचं असते. ह्याची बायको हाये तिकडं. नदीवर उभी हाये बिचारी."

मी शपथा घेतल्या. ती म्हणते, मनसारामची साक्ष मनसारामने द्यायची काय? तिचं म्हणणं, चैत्री पुनवेला तलावाची मोठी ओढ आहे, तोवर कोरियात माझ्यासोबत असलेला कोणी येऊन सांगेल तर सांगो, नाहीतर लग्न मोडलं. वरून सुगंधाआत्या बातमी आणते की वच्छलेला पाहायला आरमोरीचा कोणी पाहुणा येणार आहे, त्याची स्वतःची दोन जाळी आहेत. आता मी बाकीचे सिनेमे बनवलेले होते हे कबूल करावं, तर मोहल्ला म्हणेल, आम्ही तुला खरी मासोळी ठेवली आणि तू आम्हाला खोटा वाटा दिला. असल्या माणसाला आमच्यात कोणी जाळ्याला हात लावू देत नाही. कबूल करू नये, तर बायको तिकडे उभी. भाऊ, वच्छला गेली तर मी या चिंचेखाली कशाला बसू? दुसऱ्या कोणाच्या हुंकारीवर माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही, हे मला आता समजलं आहे.

असो. काही मागण्यासाठी लिहीत नाही. मन मोकळं केलं. वहिनीस नमस्कार, लेकरांस आशीर्वाद, म्हशीस चारा.

तुमचाच,
मनसाराम

ता.क. : तुम्ही या. पुनवेच्या आधी या. छावणीतला तुमचा तो टोपीवाला फोटो घेऊन या आणि चंदाबाईसमोर सांगा की मनसारामची तिकडे कोणी नव्हती.

ता.क. दुसरा : येतच आहात तर हेही सांगा की चारही सिनेमे तुम्ही माझ्या शेजारी बसून पाहिले. गडबड होऊ नये म्हणून लिहितो : किम थोरला, पाक धाकटा, चोर परगावचा, भुताचे पाय उलटे. पाळ कशी चढते ते विचारलं तर खोकला काढावा.

ता.क. तिसरा : मास्तर कधी तुमच्या पहाऱ्यावर सिनेमा सांगत होता काय? शेवट ठाऊक असेल तर परतीच्या डाकेने कळवा. नसेल तर एखादा पाठवून द्या. मी थकलो.

*

गोविंदाभाऊले नमस्कार. हे खालचं अक्षर माह्यं हाये, मी वच्छला. सुगंधाआत्याले थंडीताप आला म्हणून आज तिची टोपली मी घेऊन बाजाराले आलो. मासोळ्यायच्या खाली हे पत्र निंगालं. पराया माणसाचं पत्र वाचू नये, पण हे काई परायं नव्हतं.

तुमी साक्षीले येऊ नका. कोबीचा वेल कुडावर चढते म्हणे कोरियात! मले पहिल्याच दिवशी समजलं, तरी मी हूं म्हणत राह्यलो. दादाजीबुवालेबी समजलं, पत्रू-चैतूलेबी समजलं. इथी खोटा वाटा कोनालेच भेटला नाई. आरमोरीचा पाहुणा नाई कोणी. तो माह्या सिनेमा होय, आत्याले मीच सांगतला. वाटलं, आता तरी हे पाळ उतरून आमच्या दारात येतीन अन् दोन शब्द बोलतीन. त्यायनं वरोऱ्याले पत्र लिवलं.

त्या मास्तरचा शेवट मले वाचल्याबरोबर समजला. तो डेगीतला पळा नव्हता, भाऊ. तिकडं डोंगा बांबूनं रेटत नसतीन, मांगचं वल्हं डावी-उजवी फिरवत असतीन. ते पोरगी कोनाची वाट पाहत बसली नाई. तिनं मेलेल्या नावाड्याचा डोंगा सोडला अन् स्वतःच नदीपार गेली. हाच शेवट हाये. तो माणूस जाता जाता ह्यायले सांगून गेला, अन् ह्यायनं त्याले भात समजला.

आईचं मी पाहून घेतो. सोमवारी दुपारी मीच डोंगा घेऊन तलावापलीकडं त्यायच्या घाटावर जाणार हावो. तुमी बुधवारी या, वहिनीले अन् लेकरायले घेऊन या, वराकडचे म्हणून. त्यायले सख्खा भाऊ नाई.

अन् आल्यावर हा शेवट चिचेखाली कोनाले सांगू नका. हा वाटा घरचा हाये.