वाघवाला अँटीव्हायरस आणि सारिकाचं माहेर

९ नोव्हेंबर, रविवार
आजपासून घरच्या कंप्युटरची सुरक्षा माझ्याकडे. परवा सारोळ्याला आमच्या गोडाऊनच्या कंप्युटरला व्हायरस लागला आणि सगळ्या पावत्या गेल्या. गेटवरून मी एक खिळा बाहेर जाऊ देत नाही, आणि चोर आला वायरमधून! मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, अमृत, सिक्युरिटी सुपरवायझर तुम्हीच ना? तो प्रश्न तसा मला नव्हता, एकूण व्यवस्थेला होता. तरी लागलं.
संकल्प: अँटीव्हायरस निवडायचा. घाई नाही. पूर्ण अभ्यास करून.

१० नोव्हेंबर, सोमवार
अभ्यास झाला. दोन फुकट मिळतात. एकाच्या चित्रात ढाल, दुसऱ्याच्या चित्रात वाघ. नावं इंग्रजी आणि लांबलचक, म्हणून ढालवाला आणि वाघवाला.
शेफालीला पुण्याला फोन केला. लेक कंप्युटरचंच शिकते. म्हणाली, पप्पा, कंप्युटरमध्ये आधीपासून एक असतोच, तो पुरे. आणि काही टाकायच्या आधी मम्मीच्या अल्बमची पेनड्राइव्हवर कॉपी काढून ठेवा.
पोरगी हुशार आहे, पण अनुभव नाही. आधीपासूनचा वॉचमन किती कामाचा असतो ते मला विचारा.
पेनड्राइव्ह सापडला नाही. रविवारी बघू.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ
ढालवाल्यानं अख्खा कंप्युटर तपासला. सापडलं काय, तर शून्य. इतक्या वर्षांच्या कंप्युटरमध्ये एकही संशयित नाही? हा ड्यूटीवर झोपणारा दिसतो. काढून टाकला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
वाघवाल्यानं चहा पिऊन होईपर्यंत त्रेचाळीस पकडले! लाल अक्षरं, वर भोंग्यासारखा आवाज. शेजारचे विचारायला आले. मान वर करून सांगितलं.
पकडलेल्यांत प्रिंटरचं सॉफ्टवेअरही निघालं. प्रिंटर बंद. सुरक्षा म्हटली की थोडी गैरसोय आलीच.
सेटिंगमध्ये साधी, कडक आणि अतिकडक असे तीन प्रकार होते. अतिकडक दाबलं. खाली बारीक इंग्रजीत बरंच काही लिहिलं होतं. महत्त्वाचं असतं तर मोठं लिहिलं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
घरात तोंडं वाकडी.
सारिका रविवारी जेवणं उरकली की आमच्या लग्नाचा अल्बम उघडते. वेल्ह्याच्या फोटोग्राफरनं तेव्हा सीडीत घालून दिला होता. क्लिक केलं की सनई वाजते आणि पानं आपोआप उलटतात. लग्न तिच्या माहेरी, गुंजवण्याच्या बाजूला झालं. ते घर, अंगण, गोठा, सगळं नंतर धरणाच्या पाण्यात गेलं. छापील अल्बम तिच्या भावाकडे होता, तो सामान हलवताना टेम्पोत भिजून लगदा झाला. सासूबाई वारल्या. म्हणजे सारिकाचं माहेर आता कंप्युटरमध्येच आहे. ती पान थांबवते आणि नवरदेव सोडून मागचं घर बघते. मी कधी काही बोललो नाही.
आज क्लिक केल्याबरोबर वाघ गुरगुरला. धोका! फाईल क्वारंटाईन केली!
सारिका म्हणाली, अवो, ते आपलं लगीन हाय, त्याला कशाला कोंडताय?
मी शांतपणे समजावलं की गेटवर ओळख सांगून कुणी आत येत नसतो. तिनं भांडी फार आवाज करत घासली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
शेफालीचा फोन. आईनं सांगितलेलं दिसतं. पप्पा, ते प्रोग्रॅमसारखं बनवलेलं असतं म्हणून संशय येतो, रिस्टोअर दाबा, आत्ताच दाबा.
तिला क्वारंटाईन मी शिकवायचं की तिनं मला? कोरोनात आमच्या आंबवड्याच्या गावसमितीवर मी होतो. सख्खा मेहुणा स्वरूप मुंबईहून आला, तर त्यालाही शाळेत ठेवला. सारिका रडली, तरी ठेवला. चौदा दिवसांनी ठणठणीत बाहेर आला, उलट वजन वाढलं होतं. नियम म्हणजे नियम. तीस तारखेला अल्बम आपोआप सुटेल, तोही साफ होऊन.
सारिकालाही तसं सांगितलं. तिनं कॅलेंडरवर तीस तारखेला गोल केला. विश्वास असावा तर असा.

२३ नोव्हेंबर, रविवार
सारिका जेवणानंतर बंद कंप्युटरसमोर जरा वेळ बसली, मग उठून लसूण सोलायला घेतला. म्हणाली, नुसतं एकदा दाखवा ना, आमी काय हात लावणार न्हाई.
जीव कळवळला, खरं सांगतो. शाळेच्या खिडकीतून स्वरूपला डबा देताना असाच चेहरा होता तिचा. पण आज ढिलाई केली तर आठ दिवस फुकट.

३० नोव्हेंबर, रविवार
सुटकेचा दिवस. सारिकानं इस्त्रीची साडी नेसली होती. मी क्वारंटाईनचं पान उघडलं. रिकामं! मी म्हणालो, बघ, सगळे सुटले.
डेस्कटॉपवर अल्बम नाही. दुसरीकडे बघितलं. नाही.
शेफालीला फोन लावला. तिनं व्हिडिओवर सेटिंग बघितलं. अतिकडकमध्ये सात दिवसांनी आपोआप कायमचं डिलीट. बारीक अक्षरांत तेच लिहिलं होतं. पप्पा, तुम्ही वाचलं नाही का, म्हणाली. वाचलं होतं, पण त्या दृष्टीनं नाही.
म्हणजे तेवीस तारखेला ती दाखवा म्हणाली, तेव्हा बहुतेक शेवटची वेळ होती.
सारिका साडी बदलायला आत गेली.

२ डिसेंबर, मंगळवार
परिस्थिती हातात आहे. मूळ सीडी आठवली. पळत शेतावर गेलो. भातावरची पाखरं हाकलायला यंदा मीच ती दोरीला टांगली होती. अल्बम कंप्युटरमध्ये सुरक्षित आहे म्हणूनच टांगली होती. उन्हापावसानं चंदेरी थर गेलाय, आरपार दिसतंय तिच्यातून. पाखरं मात्र आली नव्हती.

४ डिसेंबर, गुरुवार
रजा टाकून वेल्ह्याला गेलो. फोटोग्राफर आता मोबाईलची कव्हरं विकतात. म्हणाले, साहेब, येवढ्या जुन्या लग्नाचं आमच्याकडं काय ऱ्हातंय? दुरुस्तीवाल्यालाही हार्ड डिस्क दाखवली. त्यानं नकारार्थी मान हलवली.
येताना सारिकासाठी पेढे घेतले. डबा अजून तसाच आहे.

७ डिसेंबर, रविवार
वाघवाला काढून टाकला. जाताना म्हणाला, तुमचा कंप्युटर आता सुरक्षित नाही.
स्वरूप नवे तांदूळ घेऊन आला होता. बहीणभाऊ ओट्यावर बसून जुन्या घराचं बोलत होते. दाराचा रंग कोणता, यावर अडलं. तो म्हणाला निळा, ही म्हणाली हिरवा. आधी हसत होते. मग सारिका म्हणाली, मला बी आता नीट आठवंना झालंय. स्वरूपनं मला हाक मारली. दाजी, तुमी तर दारासमोरच हुबं हुता, सांगा की.
मी ठामपणे म्हणालो, हिरवा.
सारिकानं विचारलं, नक्की व्हय? मी म्हणालो, नक्की. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, मग हिरवाच आसंल.
हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला दार आठवत नाही. रंग सोडाच, दार कुठल्या बाजूला होतं तेही आठवत नाही. अक्षता पडत होत्या आणि करवल्या माझे नवे बूट पळवायला टपल्या होत्या. माझं सगळं लक्ष बुटांवर होतं.
बूट शेवटपर्यंत जागेवर होते.