जुन्या मापाचा पंप

द्रिता,

रात्रपाळीहून येऊन झोपलीस, म्हणून उठवलं नाही. खायला ब्युरेक, तुझी आवडती चीजची पोळी, झाकून ठेवलीय. पण तळघरात बॉयलरकडे फिरकूसुद्धा नकोस!

इमारतीच्या मालकाने बॉयलर मोठा बसवला आणि पंप जुन्याच मापाचा ठेवला. जेवढी वाफ होते, तेवढं पाणी त्याला पुरवताच येत नाही. मघाशी बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच ठणठणीत कोरडी दिसली. आग बंद केलीय. जुन्या बॉयलरला सोडायचीस तसं हाताने पाणी सोडू नकोस. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं, तर एकदम वाफ होऊन अख्खी इमारत उडेल.

मी मोठा पंप आणायला ब्रुकलिनला चाललोय. घरं गार पडली की ऊब मागायला भाडेकरू वाफेचे पाइप बडवतील, तुला शिव्या घालतील. तुझं मन लगेच विरघळतं. बडवू देत. बडवतायत तोवर जिवंत आहेत.

गेझिम