आप्पासाहेबांचा सरडा

२ एप्रिल
आले एकदाची कर्वेनगरात! तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण माझी खोली स्वतंत्र आणि पाणी दोन्ही वेळा. पंधरा वर्षं ब्युरोतर्फे म्हाताऱ्यांची सेवा केली, कंबर गेली. आता पेशंट दीड फुटाचा. सरडा! राजनंदिनीताई त्याचं काहीतरी इंग्रजी नाव सांगतात, पण सरडा तो सरडाच. त्यांच्या वडिलांचा, आप्पासाहेबांचा. ते फेब्रुवारीत गेले आणि ताई ऑफिसच्या कामाला सहा महिने जर्मनीला निघाल्या.
काचेची पेटी, वर गरम दिवा, डब्यात जिवंत किडे. किडा चिमट्यात धरून त्याच्या तोंडापुढे न्यायचा, एवढंच काम. ताई म्हणाल्या, मुलीलाही खुशाल आणा. त्यासाठीच तर हे काम धरलं. सृष्टी पुसदला मामाकडे वाढली. आम्ही मायलेकी सलग पंधरा दिवस एका घरात राहिलेलो नाही. बारावीची परीक्षा झाली आहे, महिनाअखेरीस येईल.
पेशंटची वही ठेवायची सवय सुटत नाही, म्हणून ही वही. वजन ४१० ग्रॅम. आज खाल्लं: काही नाही. नवं माणूस दिसलं की पेशंट रुसतातच.

६ एप्रिल
वजन ३८०. किडे नकोत, मेथी नको, भोपळ्याचा कीसही नको. ताईंना मेसेज केला, त्यांनी डॉक्टरांचा पत्ता धाडला. बुटांच्या खोक्यात घालून रिक्षाने सदाशिव पेठेत नेला. डॉक्टरांनी तोंड उघडून, पोट दाबून पाहिलं. म्हणाले, आजार काही नाही. भूक आहे, इच्छा नाही. मग काय करू, विचारलं तर म्हणाले, त्यालाच विचारा, मला तरी तो काही बोलला नाही. पुण्यात अशा उत्तरालाही फी असते.

९ एप्रिल
दमले. खाणाऱ्या पेशंटपेक्षा न खाणाऱ्याचं करणं जड. सकाळपासून अकरा वेळा किडा पुढे धरला. तो माझ्याकडे बघतो आणि तोंड फिरवतो.
माझे सहा पेशंट गेले, सहाही जणांच्या दहाव्याला मी उभी होते. पिंड ठेवलेला, कावळा शिवत नाही, सगळे उन्हात ताटकळलेले. मग कोणीतरी पुढे होऊन हात जोडतं, गेलेल्याला शब्द देतं, तुमच्या अमक्याचं आम्ही बघू. आणि कावळा येतो.
डॉक्टरांचं बोलणं डोक्यात होतं, अंगात त्राण नव्हतं. गंमत म्हणून हात जोडले आणि म्हटलं, तुम्हाला एकटं सोडून कुठे जाणार नाही, हा माझा शब्द.
सात किडे खाल्ले. फोनवर सृष्टीला सांगितलं, तीही खूप हसली.

१२ एप्रिल
भाजी आणायला निघाले. दुसऱ्या मजल्यावर गुडघे गेले, तिथेच बसले. वॉचमन कोंडीराम यांनी हाताला धरून वर आणलं. दारात पाऊल टाकलं आणि पाय ठीक.
कोंडीराम पाणी पिता पिता बोलले. आप्पासाहेब एकटेच गेले, दुसऱ्या दिवशी कळलं. दहाव्याला ताईंनी सगळे शब्द दिले, घराचे, पैशाचे, सरड्याचे. “दुपार टळली, पर कावळा शिवलाच न्हाई. शेवटी दर्भाचा केला.” लेकीने जवळ राहावं, एवढंच त्यांना हवं होतं म्हणे. तो शब्द ताईंनी दिला नाही.
मी दिला.

१५ एप्रिल
बाहेर लोक उन्हाने हैराण आहेत आणि मला थंडी वाजते. दिव्याजवळ बसून असते. तीन दिवस भूक नाही. पेटीत त्यांनीही परत खाणं सोडलंय. वजन ३४०.
हात जोडले. ताईंना परत बोलावते, म्हटलं. तोंड फिरवलं. मी मरेपर्यंत बसते. तोंड फिरवलं. फार दमले होते. आपण म्हणतोच ना, सवयीने, तसं निघून गेलं — माझ्यानंतर माझी लेक बघेल.
अख्खा डबा संपवला.

१६ एप्रिल, सकाळ
भावाला फोन केला, सृष्टीला पाठवू नकोस. तो म्हणाला, तुला न सांगता येणार होती, काल रात्रीच ट्रॅव्हल्सने निघाली. तिला लावला. गाडी वाघोलीत होती. येऊ नकोस म्हणाले. ती म्हणाली, आत्ताही नको का, आई?
किती वेळा म्हटलंय मी तिला, येऊ नकोस. पेशंट सीरियस आहे, येऊ नकोस. आता ती का ऐकेल —

दुपार
आली. हातपाय न धुता पेटीपाशी बसली. तिच्या हातून खातात. चिमटाही लागत नाही.
माझी थंडी गेली. भूक लागली. चार पोळ्या खाल्ल्या, आणि मग तिच्या ताटाकडे बघितलं. तसंच होतं.

१७ एप्रिल
माझे पाय मोकळे झाले. गेटपर्यंत जाऊन आले. तिला ओढत निघाले, चल, पुसदला जाऊ. दुसऱ्या मजल्यावर तिचे गुडघे —

१८ एप्रिल
तिला थंडी वाजते. दिव्याला चिकटून बसली आहे.
आप्पासाहेब, शब्द मागे घेते. मला ठेवा. मी राहते. किडा धरला. तोंड फिरवलं. पुन्हा धरला. फिरवलं. त्यांचा पंजा धरून सांगते, मला —
सृष्टीने चिमटा काढून घेतला. म्हणते, आई, सगळ्यांचं करून दमलीस गं, तू जा.
हात जोडतेय. सृष्टी, नको, ते बोलू नकोस, नुसती गप्प —
म्हणते, मी आप्पासाहेबांना एकटं सोडून कुठे